फिरकी धरणारी

पुण्याहून कर्णिकांचा फोन : पुस्तक तयार आहे,
फक्त अकराव्या प्रकरणाचं चित्र राहिलंय.
गोष्टींत पुन्हापुन्हा भेटणारी माणसं, असा विषय.
अकरावा म्हणजे जवळचा,
जो दगा देतो.
"पाठीतला खंजीर नको हं," ते म्हणाले,
"तो सगळ्यांनीच काढलाय."

दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत
दुपारभर मी भाषेलाच मॉडेल म्हणून बसवलं.
अस्तनीतला निखारा काढला :
बाही छान उतरली, चुण्यांसकट,
पण निखारा काही पेटेना,
डाळिंबाचा दाणा वाटायला लागला.
केसाने गळा कापणारा हात काढला,
तर ती सलूनची पाटी झाली.
विश्वामित्रीच्या पुलावर जाऊन मगरही बघून आले.
चिखलात जबडा उघडा टाकून ती ऊन खात होती.
काही लपवत नव्हती.
आणि तिनं कुणाला शब्द दिला होता कधी?

चहा ठेवला, विसरले, उतू गेला.

खाली फुटपाथवर दोन खांबांमध्ये दोरा ताणून
एक माणूस मुठीत काचेची गुलाबी लुगदी घेऊन
पुढे जात होता, मागे येत होता.
उत्तरायणाला आठ दिवस.
मी ओटा पुसता पुसता थांबले.

रावपुऱ्यातली गच्ची. आम्ही तेरा वर्षांच्या.
मुलींनी फिरकी धरायची, एवढंच ठरलेलं.
यामिनी फणसे मात्र उडवायची,
बोटांना चिकटपट्ट्या लावून, ओढणी कमरेला खोचून,
आणि शेजारच्या चार गच्च्या
तिचं नाव घेऊन ओरडायच्या.
मी तिच्या मागे,
फिरकी दोन्ही तळव्यांमध्ये.
उडवणाऱ्याला मागे वळून बघता येत नाही.
मान वर, नजर वर,
पाठ सबंध दुसऱ्याच्या ताब्यात.

ती म्हणाली, ढील दे.
मी दिली.
जांभळा पतंग सूरसागराच्या अंगाला गेला,
टिकलीएवढा झाला.
पुन्हा कुणीतरी तिचं नाव घेतलं.

मी दोरा तोंडात धरला.

आवाजसुद्धा झाला नाही.
ढील जात राहिली, जात राहिली,
आणि मग ते टोक तिच्या बोटांतून
पाल सटकावी तसं सटकलं.
ती आधी हाताकडे बघत राहिली, मग आकाशाकडे.
"माझीच गाठ कच्ची," म्हणाली,
आणि हसली, आणि हातातल्या उसाचं
अर्धं कांडं मोडून मला दिलं.
ते चावताना ओठ झोंबला.
घरी आईला सांगितलं, चिक्की लागली.

चित्रासाठी तोंडाची ठेवण हवी होती
म्हणून आरसा टेबलावर टेकवला.
खालच्या ओठावर बारीक पांढरी रेघ आहे.
एरवी मी तिच्यावरून लिपस्टिक फिरवते.

रात्री काढलं, एका बैठकीत.
दोन मुली, पाठमोऱ्या म्हणाव्यात तर एकच;
दुसरी थोडीशी वळलेली,
जणू शिंक येतेय.
बाकी सगळं आकाश, रंग न दिलेलं.
कर्णिकांनी सकाळी कळवलं : सुंदर आहे,
पण मॅडम, दगा कुठाय?
मी लिहिलं, छापताना ओठ पुसट करू नका.
त्यांना कळलं नसावं. ठीक म्हणाले.
पैसे महिनाअखेर.

संध्याकाळी यामिनीचा फोन, समाहून,
दरवर्षीसारखाच.
ये नक्की, उंधियू करतेय,
नात माझी आता सुरेख उडवते,
अगदी पलीकडच्या सोसायटीवरून नेते बघ.
दोऱ्याच्या गाठी मात्र तिच्या आईकडून मारून घेते,
दोनदोन.
माझ्या कच्च्या असतात ना.